लढाई नंतर, आधी खजिना

गेम चांगला की बोअर, हे आपण हॉस्टेलवर पहिल्या अर्ध्या तासात ठरवून टाकतो. माझं म्हणणं असं, की इतिहासावरच्या स्ट्रॅटेजी गेमला हा नियम लावू नये. त्याला निदान एक अख्खी सुट्टी द्यावी.

उदाहरण 'एम्पायर : टोटल वॉर'चं. २००९ साली आलेला हा इंग्लंडच्या कंपनीचा गेम १७०० ते १७९९ या काळावर आहे. त्यात मराठे म्हणून खेळता येतं, एवढ्यासाठी मी तो फर्स्ट इयरला लावला आणि वैतागून काढून टाकला. शिकवणीची मोहीम अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाची! मराठे निवडले तर तलवारीआधी कर, रस्ते, बंदरं यांचे आकडे. एक चाल म्हणजे सहा महिने, आणि बाकीच्या राज्यांच्या चाली संपेपर्यंत आपण ताटकळत बसायचं.

यंदा दिवाळीत तो परत लावला. या वेळी लढाया बाजूला ठेवून फक्त खजिन्याकडे बघितलं आणि मजा यायला लागली. कर वाढवला तर पैसा येतो, पण प्रांताची वाढ मंदावते, लोक बिथरतात. फौज नुसती उभी राहिली तरी दर चालीला खर्च. बंदरात मासेमारी, व्यापार की जहाजांची गोदी, यातलं एकच निवडायचं. आणि मुघलांशी युद्ध तर पहिल्या चालीपासूनच चालू!

हा बंदराचा प्रश्न आपल्या दारातला आहे. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतली, हे कॉन्व्हेंटमध्ये आम्ही इंग्रजीतून एका ओळीत पाठ केलं. पण कल्याणच का? जुन्नरचा माल सातवाहनांच्या काळापासून नाणेघाट उतरून कल्याणला यायचा आणि उल्हासच्या खाडीतून समुद्राकडे जायचा. माल आला की जकात आली. मग त्याच खाडीवर जहाजं बांधायला सुरुवात झाली, त्यासाठी पोर्तुगीज कारागीरही ठेवले होते. ठाण्याचंही तसंच. खाडीवरचा किल्ला मराठ्यांनी १७३७ मध्ये पोर्तुगिजांकडून घेतला, पण वसई हातात यायला मे १७३९ उजाडला. दोन वर्षं फौज पोसायची म्हणजे काय, ते गेममध्ये तिजोरी रिकामी झाली की नीट कळतं.

गेम काही परिपूर्ण नाही. ठाणे-कल्याणला त्यात स्वतंत्र प्रांताचं स्थान नाही. १७०० साली मराठ्यांकडे स्वस्थ राजधानी आणि भरलेला खजिना दाखवलाय. प्रत्यक्षात त्याच वर्षी मार्चमध्ये राजाराम महाराज वारले, एप्रिलमध्ये सातारा औरंगजेबाने घेतला, आणि ताराबाईंनी लढा पुढे चालवला. तेवढं कठीण गणित कुठल्याही गेमने अजून मला घातलेलं नाही.

पण हा फरक कळण्यासाठीच तो खेळावा. आपण महाराजांच्या नावाने घोषणा जोरात देतो, मात्र राज्य चालायला पैसा कुठून यायचा, हे विचारत नाही. लोकलमधून कल्याणला उतरलात तर एकदा दुर्गाडीवर चढा आणि खाडीकडे बघा. मग हॉस्टेलवर परत येऊन मराठे निवडा. आणि हो, पहिल्याच चालीला कर वाढवू नका!