उपनगराच्या शहिदांची नावे कुठे लिहायची?

मे २०२५ मध्ये, ऑपरेशन सिंदूरच्या काळात, नियंत्रण रेषेवर पाकिस्तानच्या माऱ्यात अग्निवीर मुरली नाईक शहीद झाले. तिरंग्यात लपेटलेले त्यांचे पार्थिव आंध्र प्रदेशातल्या कल्ली तांडा या मूळ गावी नेण्यात आले आणि अंत्यसंस्कार तिथेच झाले. ते रीतीला धरूनच झाले. पण त्यांचे आईवडील पोटापाण्यासाठी मुंबईत आले होते आणि घाटकोपरच्या कामराज नगरात राहून मोलमजुरी करत होते. म्हणजे हा जवान जितका त्या गावाचा, तितकाच या उपनगराचाही होता. गाव आपल्या मुलाला विसरणार नाही. पण उपनगराने त्याचे नाव लिहायचे ठरवले, तर ते लिहायचे कुठे?

हा प्रश्न माहुलमध्ये आणखी टोकदार होतो. एका बाजूला तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या टाक्या, दुसऱ्या बाजूला खाडी, खाडीत हिवाळ्यात उतरणारे फ्लेमिंगो आणि मधोमध पुनर्वसनाच्या इमारती. तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या हटवल्या गेल्या, तेव्हा विद्याविहारसारख्या वस्त्यांतली हजारो कुटुंबे इथे आणून वसवली गेली. इथल्या हवेविरुद्ध आणि आजारांविरुद्ध या रहिवाशांनी रस्त्यावर आणि कोर्टात दिलेला लढा मुंबईला ठाऊक आहे. जुना कोळीवाडा सोडला, तर इथे बहुतेकांचे गाव वेगळे, आधीची वस्ती वेगळी आणि आताचा पत्ता तिसराच. अशा घरातला मुलगा भरती झाला आणि उद्या परत आला नाही, तर त्याची आठवण जपणारी वेस कोणती?

गावाकडे याचे उत्तर तयार असते. साताऱ्याजवळचे अपशिंगे घ्या. पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जवान मारले गेले. त्यांचे स्मारक गावात आहे आणि गावाच्या नावापुढेच ‘मिलिटरी’ लागते. रायगड जिल्ह्यात माणगावला नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. १० जुलै १९४४ रोजी इटलीत त्यांनी एकट्याने शत्रूच्या मशीनगनच्या मोर्च्यावर चाल केली, तो जिंकला आणि तिथेच देह ठेवला. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ऑगस्ट २०२३ मध्ये ‘मेरी माटी मेरा देश’ मोहिमेत ग्रामपंचायतींनी वीरांच्या नावांचे शिलाफलक बसवले. गावातली मुले येता-जाता ती नावे वाचतात. आडनाव ओळखीचे निघते, घर माहीत असते.

उपनगरात चौकांना आणि पुलांना नावे दिली जातात. विलेपार्ल्याच्या कॅप्टन विनायक गोरे उड्डाणपुलावरून रोज हजारो माणसे जातात. हा पार्ल्याचा तरुण १९९५ मध्ये काश्मीरमध्ये अतिरेक्यांशी लढताना धारातीर्थी पडला, हे त्यांतल्या किती जणांना माहीत असेल? पुलावर थांबता येत नाही आणि पाटी वाचेपर्यंत रिक्षा पुढे निघून गेलेली असते.

विनायक यांच्या आई अनुराधा गोरे यांनी मात्र पाटीवर समाधान मानले नाही. त्यांनी लेखणी हाती घेतली. जवानांच्या शौर्यावर आणि सियाचिनमधल्या त्यांच्या जगण्यावर पुस्तके लिहिली, शाळाशाळांतून मुलांशी बोलल्या. आपल्या दुःखाभोवती कुंपण न घालता त्यांनी ते इतरांच्या मुलांना समजेल अशा भाषेत मांडले. उपनगरातल्या शाळांसाठी याहून चांगला धडा दुसरा नाही आणि तो कुठल्याही सरकारी परिपत्रकातून आलेला नाही.

परमवीरचक्राचे मानकरी मेजर रामास्वामी परमेश्वरन यांचा जन्म मुंबईचा आणि शिक्षण माटुंग्याच्या एसआयईएस शाळेतले. २५ नोव्हेंबर १९८७ रोजी श्रीलंकेत शांतिसेनेत लढताना त्यांना वीरमरण आले. ते महार रेजिमेंटचे अधिकारी होते. तमिळ घरातला मुंबईकर महाराष्ट्राच्या नावाजलेल्या पलटणीत लढतो, ही गोष्ट चेंबूर-माहुलच्या वर्गांत सांगण्याजोगी आहे, कारण त्या वर्गांतल्या बाकांवरही चार भाषा बोलणारी मुले शेजारी शेजारी बसतात. मुंबई पोलिसांतले तुकाराम ओंबळे मूळचे साताऱ्यातल्या केडंबे गावचे. २६/११च्या रात्री गिरगाव चौपाटीवर त्यांनी कसाबच्या रायफलची नळी अंगावर ओढून घेतली. २०२१ मध्ये संशोधकांनी कोळ्याच्या एका नव्या प्रजातीला ‘आयसियस तुकारामी’ हे नाव दिले. पाचवीतल्या मुलाला हे सांगितले की तो आधी कोळ्याबद्दल विचारतो आणि मग ओंबळ्यांबद्दल. आठवण रुजते ती अशी.

शाळेचा संबंध इथेच येतो. उपनगराला वेस नाही, ग्रामपंचायत नाही, पण शाळा आहे. वेगवेगळ्या ठिकाणांहून उठून आलेली घरे जिथे रोज एकत्र येतात, अशी माहुलसारख्या वस्तीतली ती बहुधा एकमेव जागा. वर्षातून दोनदा तिच्या पटांगणात सगळी वस्ती जमते आणि त्या दोन्ही दिवशी मध्यभागी तिरंगा असतो. शहिदांची नावे लिहायची ती इथेच, ध्वजस्तंभाजवळ.

त्यासाठी आधी झेंड्याचे शिक्षण नीट द्यायला हवे. आज ते कसे चालते? चौदा ऑगस्टला संध्याकाळी शिपाई मामा किंवा पीटीचे सर झेंडा घडी घालून बांधतात, आत फुलांच्या पाकळ्या ठेवतात, दोरीची गाठ एका झटक्यात सुटेल अशी मारतात आणि केशरी पट्टा वरच आहे ना, हे दोनदा बघतात. शाळेतले सगळ्यात नेमके ध्वजज्ञान या एका माणसाच्या बोटांत असते. मुले दुसऱ्या दिवशी येतात, रांगेत उभी राहतात, झेंडा फडकल्यावर टाळ्या वाजवतात आणि लाडू घेऊन घरी जातात. जे ज्ञान मुलांच्या हातांत यायला हवे, ते मामांच्या खोलीतच राहते.

२६ जानेवारी २००२ पासून लागू झालेल्या भारतीय ध्वजसंहितेत शाळांसाठी वेगळा भाग आहे. विद्यार्थ्यांनी चौकोनाच्या तीन बाजू धरून उभे राहायचे, चौथ्या बाजूच्या मध्यावर ध्वजस्तंभ. मुख्याध्यापक आणि विद्यार्थी प्रमुख स्तंभाच्या तीन पावले मागे. रचना इतकी बारकाईने सांगितली आहे, कारण समारंभ मुलांचा आहे हे त्यात गृहीत धरले आहे. प्रत्यक्षात पुढे खुर्च्या पाहुण्यांच्या आणि मुले उन्हात मागे. ध्वज चढवायचा वेगाने आणि उतरवायचा सावकाश. अर्ध्यावर उतरवायचा असेल तर आधी टोकापर्यंत नेऊन मग अर्ध्यावर आणायचा. या रीती वाचून नव्हे, दोरी हातात घेऊनच समजतात. घडीचेही तसेच. केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याच्या खाली दुमडायचा, मग पांढरा पट्टा असा दुमडायचा की अशोकचक्र आणि दोन्ही रंगांची कड तेवढी दिसेल. घडी दोन्ही तळहातांवर घेऊन न्यायची. सातवी-आठवीतल्या प्रत्येक मुलाने ही घडी एकदा तरी घालावी.

याच संहितेतला एक नियम मात्र शाळेत क्वचितच सांगितला जातो. लष्करी इतमामाच्या अंत्ययात्रेत पार्थिवावर तिरंगा पांघरतात, तेव्हा केशरी बाजू डोक्याकडे ठेवायची. तो तिरंगा चितेत जळू द्यायचा नाही आणि कबरीत उतरवायचा नाही. अंत्यसंस्कारापूर्वी तो काढून, घडी घालून घरच्यांच्या हाती दिला जातो. ‘झेंडा जमिनीला लागू देऊ नका’ हे वाक्य मुलांना पाठ असते. त्यामागे कुठल्या घरी कुठली घडी ठेवलेली आहे, हे सांगितले तर पाठांतराची गरजच उरत नाही.

सोळा ऑगस्टच्या सकाळी रस्त्याकडेला, गटाराच्या तोंडाशी आणि गाड्यांच्या चाकांखाली कागदी आणि प्लास्टिकचे झेंडे पडलेले असतात. प्लास्टिकचे झेंडे वापरू नका आणि पडलेले राष्ट्रध्वज गोळा करून प्रशासनाकडे द्या, असे आवाहन सरकारी यंत्रणा दरवर्षी करते. १९७१च्या राष्ट्रीय मानचिन्हांच्या अवमान प्रतिबंध कायद्यात तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे. पण दहा वर्षांच्या मुलाला कैदेची भीती घालून काय साधणार? फाटलेला ध्वज कचऱ्यात टाकायचा नसतो. तो संपूर्णपणे आणि एकांतात, शक्यतो जाळून, आदरानेच नष्ट करायचा असतो, हे त्याला शाळेनेच एकदा समजावून सांगावे. नियम बदलतात हेही सांगावे. डिसेंबर २०२१ पासून पॉलिस्टरचा आणि यंत्रावर बनलेला ध्वज चालतो आणि जुलै २०२२ पासून नागरिकांना घरावर तो दिवसरात्र फडकवता येतो.

जून २०२५ मध्ये शालेय शिक्षणमंत्री दादा भुसे यांनी पहिलीपासून प्राथमिक लष्करी प्रशिक्षण देण्याचा आणि त्यासाठी माजी सैनिकांची मदत घेण्याचा विचार बोलून दाखवला. सहा वर्षांच्या मुलांना कवायतीत जुंपावे का, यावर आक्षेप आले. त्यांतला काही भाग रास्त आहे. शाळा ही छावणी नव्हे. पण माजी सैनिक वर्गात येणार असतील, तर त्यांनी सुरुवात कवायतीने न करता झेंड्याच्या घडीने आणि सोबत्यांच्या नावांनी करावी. ज्याने मित्राच्या पार्थिवाला खांदा दिला आहे, तो युद्धाच्या गोष्टी चघळून सांगत नाही. मुलांना ते लगेच कळते. ज्या मुलाने एखाद्या वीरमातेला समोर बसून ऐकले आहे, तो युद्धाच्या घोषणा देण्याआधी थोडा थांबेल.

वीरमातांना आणि वीरपत्नींना बोलावण्याची पद्धत मात्र सुधारायला हवी. पाहुणे उशिरा येणार, तोवर त्यांनी प्लास्टिकच्या खुर्चीत ताटकळायचे, मग शाल-श्रीफळ, फोटो आणि निरोप. हा सन्मान नाही. त्यांना वर्गात न्यावे, चार मुलांशी बोलू द्यावे. बोलायचे नसेल तर तोही मान राखावा.

केंद्राच्या ‘वीरगाथा’ उपक्रमात २०२१ पासून देशभरातली मुले शौर्यपदक विजेत्यांवर लेख, कविता, चित्रे पाठवतात. उपक्रम चांगला, पण त्याचा भर पदक मिळालेल्यांवर असतो. पदक न मिळालेला शेजारचा जवान त्या वहीत कसा येणार? म्हणून पाटी हवी आणि ती मुलांनी शोधून लिहिलेली हवी. सात डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन असतो. १९४९ पासून त्या दिवशी शाळांतून निधी जमवला जातो आणि मुलांच्या छातीवर छोटा झेंडा लागतो. त्याच आठवड्यात माहुल, चेंबूर, घाटकोपरच्या शाळांनी आपापल्या वस्तीत विचारणा करावी: कुणाच्या घरातले कोण सैन्यात होते, पोलिसांत होते, अग्निशमन दलात होते आणि कर्तव्यावर असताना गेले? सापडलेले नाव जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडून किंवा संबंधित दलाकडून पडताळून घ्यावे, घरच्यांची परवानगी घ्यावी आणि सव्वीस जानेवारीला पाटीवर चढवावे. मूळ गाव आंध्रात असो की साताऱ्यात, वस्तीचे नावही सोबत लिहावे. पाटीचा खर्च फार नाही, पालकसभा तो उचलू शकते. अडेल ते विचारणा करायला दारोदारी जाणाऱ्या शिक्षकाच्या वेळेपाशी. म्हणून शिक्षण विभागाने हे काम शाळेच्या वार्षिक उपक्रमांत धरावे आणि त्या आठवड्यात शिक्षकाला इतर कामांतून मोकळे करावे.