परसबाग : उघडीप मिळताच थंडीचे वाफे

सप्टेंबर संपत आला तरी राधानगरीत छत्री हातची सुटत नाही. पण थंडीत दारात फुले आणि घरात ताजी भाजी हवी असेल तर भगिनींनो, तयारी आत्ताच करायला हवी.

आपल्या धरणाच्या जलाशयात शाहूकालीन बेनझीर व्हिला आहे. पाणी उतरले की त्याचे अवशेष दिसतात. बेनझीर म्हणजे ज्याला तोड नाही असा. संस्थानी काळात बंगले आणि कचेऱ्यांभोवती इंग्रजी धाटणीच्या बागा करायची पद्धत होती. कोल्हापूरचा टाऊन हॉल १८७२ ते १८७६ या काळात बांधला गेला. त्याच्या भोवतीची बाग मुलांना जरूर दाखवा. या धाटणीत मध्ये हिरवळ, कडेला कापलेले कुंपण, वाटेलगत मौसमी फुलांचे ताटवे आणि भाजीपाला मागे, नजरेआड. आपल्या दोन गुंठ्यांत मागे-पुढे कुठले असणार? फुले आणि भाजी एकत्रच लावा. त्यात फायदाही आहे. टोमॅटोजवळ झेंडू लावला की फळ पोखरणाऱ्या अळीचे पतंग झेंडूवर जास्त अंडी घालतात आणि टोमॅटो बराच वाचतो. मात्र टोमॅटोला फुले येतील तेव्हा झेंडूही फुललेला हवा. म्हणून झेंडूचे बी दोन-तीन आठवडे आधी टाका. झेंडूवरच्या अळ्या वेचून नष्ट करायला विसरू नका.

आपल्याकडच्या तांबड्या मातीतून पावसाने कस वाहून जातो आणि सपाट वाफ्यात पाणी साचून रोपे कुजतात. त्यामुळे वीतभर उंच गादीवाफे करा. माती, वाळू आणि चांगले कुजलेले शेणखत सारख्या प्रमाणात घेऊन रोपांसाठी कुंड्या भरा आणि पत्र्याच्या पडवीत, उजेडाला ठेवा. पिटुनियाचे बी धुळीसारखे बारीक असते. ते कोरड्या वाळूत मिसळून वरच भुरभुरा, मातीने झाकू नका. अ‍ॅस्टर, फ्लॉक्स, डायन्थस यांच्या बियांवर मातीचा पातळ थर पुरे. चार-सहा पाने आली की संध्याकाळच्या वेळी रोपे वाफ्यात लावा. रोप वीतभर झाल्यावर झेंडूचा शेंडा खुडा, म्हणजे फांद्या फुटतात. सुकलेली फुले काढत राहिलात तर बहर लांबतो.

आता भाजी. हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असल्याने रमजान दरवर्षी तेवढा अलीकडे येतो. २०२६ मध्ये तो फेब्रुवारीत आहे, तर २०३० मध्ये जानेवारीच्या सुरुवातीला येईल. म्हणजे पुढची काही वर्षे इफ्तारच्या दस्तरखानाला लागणारा हिरवा माल थंडीच्या वाफ्यातूनच मिळू शकतो. बाजारात नेमक्या त्याच दिवसांत मागणी वाढते, तेव्हा घरचा पुदिना खिशालाही हातभार लावतो. पुदिन्याच्या काड्या ओलसर जागी खोचल्या तरी रुजतात; पसरतो फार, म्हणून वेगळ्या कुंडीत लावा. धणे हलके रगडून दोन फाके करून पेरा. कोथिंबीर साधारण ४० ते ४५ दिवसांत, तर मेथी महिनाभरात हाताशी येते. म्हणून पहिल्या रोजाच्या तारखेपासून उलटे मोजून पेरणीचा दिवस ठरवा आणि दर पंधरा दिवसांनी थोडे थोडे पेरत राहा. एकदम सगळे पेरले तर आठवडाभर ढीग आणि नंतर काहीच नाही, असे होते.

डिसेंबरनंतर पाण्याची ओढ लागते. वजूच्या पाण्यात साबण नसतो. नळाखाली टब ठेवून ते साठवा आणि सकाळी वाफ्यांना द्या. घरात पाचजण नमाजी असतील तर एक छोटा वाफा त्यावर सहज तगतो.

या महिन्याची कामे : गादीवाफे भरणे, झेंडू व टोमॅटोचे बी टाकणे, शेवंतीच्या कुंड्यांत पाणी साचू न देणे. पिटुनिया व अ‍ॅस्टरचे बी पावसाला उघडीप मिळताच टाका.