घरातला मोबाईल कोणाचा?

वरळीच्या दूरदर्शन केंद्राचा उंच मनोरा आमच्या रोजच्या वाटेवर दिसतो. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईत दूरदर्शन सुरू झाले. आमच्या लहानपणी चाळीत एखाद्याच घरी टीव्ही असे आणि सगळ्या मजल्याची मुले तिथे दाटीवाटीने बसत. पुण्याच्या बालचित्रवाणीचे शालेय कार्यक्रम आम्ही असेच पाहिले. टीव्ही एकाचा, धडा सगळ्यांचा.

२०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. वरळी कोळीवाडा तर सुरुवातीलाच सील झाला होता. जूनमध्ये नवे वर्ष उघडले ते मोबाईलवर. आम्ही व्हॉट्सॲपवर वर्गाचा गट केला आणि सकाळी दहाला हजेरी घेऊ लागलो.

सातवीतली एक मुलगी कधीच दिसेना. पंधरा दिवस आम्ही तिच्या नावापुढे गैरहजर लिहिले. मग एका रात्री साडेअकराला तिच्या वहीचे फोटो आले. सगळी गणिते सोडवलेली! चौकशी केली तेव्हा कळले की, घरात मोबाईल एकच. अब्बा डिलिव्हरीचे काम करतात, त्यामुळे दिवसभर तो त्यांच्याजवळ. रात्री आधी दहावीतल्या भावाचा अभ्यास, तो झोपला की हिची पाळी. "टीचर, पढाई रोज करती हूं, बस रात को," ती म्हणाली. आम्हाला लाज वाटली. दुसऱ्या दिवसापासून हजेरीची ठरावीक वेळ आम्ही काढून टाकली.

त्याच वर्षी २० जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' मालिका सुरू झाली. एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनने ती पहिली ते आठवीच्या मुलांसाठी, बालभारतीच्या पुस्तकांवर तयार केली होती. मालिका मराठीत, आमची मुले उर्दू माध्यमाची. कसे जमणार, अशी आम्हालाच शंका होती. पण गणित-विज्ञानाचा अभ्यासक्रम दोन्ही माध्यमांना एकच आहे. ही मुलगी उर्दू पुस्तक मांडीवर घेऊन मराठी धडा पाहू लागली. 'परिमेय संख्या' म्हणजे आपले 'नातिक आदाद' ना, असे रात्री आम्हाला विचारू लागली. शेजारी दादी आणि धाकटा भाऊही बसत. टीव्हीपुढे कोणाला पाळी लावावी लागली नाही.

वाचकहो, घरबसल्या शिकण्याची साधने आज कमी नाहीत. बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड आहेत, दीक्षा ॲप आहे. लग्नामुळे शिक्षण सुटलेल्या भगिनींसाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. हैदराबादच्या मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठाने तर १९९८ मध्ये आपल्या कामाची सुरुवातच दूरशिक्षणाने केली. पण हे सारे आता मोबाईलमधून घरात येते, आणि मोबाईल आधी अब्बांचा, मग मुलाचा, उरला तर मुलीचा. अम्मीचे नाव तर या रांगेत नसतेच.

मुलीच्या हाती मोबाईल द्यायला पालक घाबरतात. ही भीती अगदीच खोटी नाही. पण ती मुलाच्या बाबतीतही तेवढीच खरी आहे. त्यावर उपाय आपल्या जुन्या टीव्हीनेच शिकवला आहे. अभ्यासाच्या वेळी मोबाईल सर्वांसमोर, बाहेरच्या खोलीत असावा. धडा चालू असताना घरातले एखादे मोठे माणूस शेजारी बसावे. त्याला त्यातले काही कळले नाही तरी चालेल. आणि प्रत्येकाची वेळ कागदावर लिहिलेली असावी, म्हणजे ती कोणाच्या मर्जीवर राहणार नाही.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यावर अवतरलेल्या वह्यीची सुरुवातच वाचण्याच्या आज्ञेने झाली. ती आज्ञा फक्त मुलांसाठी आहे, असे आपल्यातला कोणीही म्हणणार नाही. मग घरातल्या वेळेची वाटणी करताना आपण ते का विसरतो?

ती मुलगी २०२४ मध्ये दहावी पास झाली, अल्हम्दुलिल्लाह. पेढे घेऊन आम्ही तिच्या घरी गेलो, तेव्हा कपाटाच्या दारावर मोबाईलचे वेळापत्रक चिकटवलेले दिसले. अक्षर तिचेच होते. शेवटच्या ओळीत लिहिले होते: रात्री नऊ ते दहा, अम्मी.

असा एक कागद आपल्याही घरी लागावा, ही दुआ.