सहलीला सोंग नको, खूण पुरे

दिवाळीची सुट्टी संपली की शाळांना सहलीचे वेध लागतात. ठिकाण, बस, वर्गणी, जेवणाचा डबा यांवर पालकसभेत भरपूर बोलणे होते. मुलांनी घालायचे काय, हा विषय मात्र शेवटच्या पाच मिनिटांत, खुर्च्या सरकू लागल्यावर निघतो आणि ‘गणवेश’ किंवा ‘रंगीत कपडे’ एवढ्या एका शब्दात संपतो. अलीकडे त्यात तिसरा प्रकार आला आहे. सहल करमणूक उद्यानात असेल तर मुलांना आपल्या आवडत्या पात्राच्या वेशात जायचे असते. कोणाला छोटा भीम, कोणाला स्पायडरमॅन, मोठ्या वर्गातल्यांना हॅरी पॉटर, आणि आता जपानी कार्टूनमधली अशी काही मंडळी, की ज्यांची नावे आम्हा पालकांच्या जिभेवर बसतच नाहीत. या विषयावर पाच मिनिटांपेक्षा थोडे अधिक बोलावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

माझे मत आधीच सांगून टाकतो. मुलांच्या आवडीला सहलीत जरूर जागा द्यावी. भाड्याने आणलेल्या सोंगाला देऊ नये. नेहमीच्या, अंगाला सुटसुटीत अशा कपड्यांतच आवडीची एखादी खूण दिसू द्यावी.

ही युक्ती काही माझ्या डोक्यातून निघालेली नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियात १९५५ साली डिस्नेलँड सुरू झाले. करमणूक उद्यान म्हटले की जगभर त्याचेच नाव आधी निघते. तिथला एक नियम आपल्याकडे अनेकांना ठाऊक नसतो. चौदा वर्षे व त्यापुढील वयाच्या पाहुण्यांना, काही खास प्रसंग सोडले तर, पात्राचा पूर्ण वेश करून आत जाता येत नाही. उद्यानाचे नेमलेले नट तेच वेश करून फिरत असतात. पाहुणेही तसेच आले, तर लहान मुले कोणाचाही हात धरून चालू लागतील. मग हौशी मंडळींनी वाट काढली. लेस्ली के या युवतीने २०११ पासून ‘डिस्नेबाउंड’ या नावाने ती लोकप्रिय केली. स्नो व्हाइट आवडते ना? मग निळा टॉप, पिवळा स्कर्ट आणि केसांत लाल फीत, झाले. कपडे रोजचेच, रंगांची जुळणी तेवढी १९३७ सालच्या त्या चित्रपटातली. ओळखणारा ओळखून हसतो, न ओळखणाऱ्याला एक नीटनेटकी मुलगी दिसते.

हे वाचून कोणी म्हणेल, अमेरिकेचे खूळ आमच्या पोरांच्या डोक्यात कशाला भरवता? त्यांना मी आपल्याच देशपांडे नगरातल्या सवाई गंधर्व सभागृहाकडे बोट दाखवीन. ज्यांचे नाव त्या वास्तूला आहे ते कुंदगोळचे रामभाऊ, म्हणजे सवाई गंधर्व, मराठी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करीत. त्यांच्या शिष्या गंगूबाई हनगल यांचे ‘गंगालहरी’ हे घरही याच भागातले. तेव्हा नाटक कंपन्यांच्या गोष्टी आपल्या आजी-पणजींच्या तोंडून या गल्ल्यांना नव्या नाहीत. त्या काळी बालगंधर्व, म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस, यांनी ‘मानापमान’मधली भामिनी केली १९११ साली, ‘स्वयंवर’मधली रुक्मिणी १९१६ साली. आणि घरंदाज बायका काय करू लागल्या? त्यांच्यासारखे लुगडे नेसू लागल्या, त्यांच्यासारखा पदर घेऊ लागल्या, अंबाड्यावर तशी फुले माळू लागल्या, तशी नथ सोनाराकडून करून घेऊ लागल्या. पुरुषांसाठी गंधर्व टोपी निघाली. चाहत्यांची पोशाखी हौस म्हणतात ती हीच, आणि ती डिस्नेलँडच्याही चाळीस वर्षे आधीची.

त्यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. त्यातली एकही बाई रुक्मिणीचा मुकुट घालून भाजी आणायला गेली नाही. नाटकातले एकच काहीतरी उचलायचे, ते आपल्या लुगड्यात, आपल्या ऐपतीत बसवायचे आणि रोजच्या कामाला लागायचे. म्हणून ते शोभले आणि टिकले. (जाता जाता: एका पुरुषाच्या नेसण्यावरून ज्या समाजातल्या बायका नेसायला शिकल्या, त्या समाजाने एखाद्या मुलीला ‘तू भीम नको, चुटकी हो’ असे सांगू नये. तिला भीम आवडत असेल तर भीमच.)

आता सहलीच्या व्यवहाराकडे येऊ. हुबळीहून मोठ्या उद्यानाला जायचे म्हणजे बहुधा बिडदीचे वंडरला, जे २००५ साली सुरू झाले. क्वचित खोपोलीजवळचे इमॅजिका, २०१३ सालचे. बंगळूरपर्यंतच सुमारे चारशे किलोमीटर. म्हणजे रात्रभर बसमध्ये झोपायचे, सकाळी उतरून रांगेत उभे राहायचे, उन्हात फिरायचे, पाण्यात भिजायचे आणि पुन्हा बसमध्ये बसायचे. बाजारात मिळणारा तयार वेश यातल्या कशासाठीच शिवलेला नसतो. तो गॅदरिंगच्या दहा मिनिटांसाठी असतो. कापड हवा न खेळणारे, शिलाई कच्ची, मुखवट्याची भोके डोळ्यांवर न येणारी. दुपारी बारा वाजता त्या कपड्यांतला ‘सुपरहिरो’ घामाने निथळत असतो आणि त्याची झूल बाईंच्या हातात असते.

झूल, ओढणी, मफलर, सैल फिती हे प्रकार तर खेळांवर धोक्याचेच. हे भीती घालायला सांगत नाही. नर्तिका इसाडोरा डंकन १९२७ साली फ्रान्समध्ये मोटारीच्या चाकात अडकलेल्या स्वतःच्या उपरण्यामुळे गेली. तेव्हा चाक आणि लोंबते वस्त्र यांचे वैर जुने आहे. आपल्या देशातही २०१८ साली पिंजोरला गो-कार्टच्या चाकात केस अडकून एका महिलेचा मृत्यू झाला. म्हणून ज्या मुलींचे केस लांब आहेत त्यांनी घट्ट वेणी घालून ती वर बांधावी, मग त्या पात्राचे केस कितीही मोकळे असोत. पाण्याच्या खेळांचे वेगळेच. तिथे सुती कपडे, साडी, ओढणी, जीन्स चालत नाही. नायलॉनसारख्या कापडाचा पोहण्याचा पोशाख लागतो. त्यामागे कारणे आहेत. सुती कापड पाणी पिऊन जड होते, त्याचे धागे व रंग पाण्यात सुटतात, धातूची बटणे आणि चेन घसरगुंडीला ओरखडे काढतात. पालकांना हे दारात कळते, आणि मग तिथल्याच दुकानातून घाईने मिळेल ते विकत घ्यावे लागते.

या सगळ्यात आवडीची खूण कुठे बसवायची? पुष्कळ जागा आहेत. डोरेमॉन हवा असेल तर निळा टी-शर्ट, गळ्याला लाल पट्टी आणि घंटीच्या जागी एक मोठे पिवळे बटण, ते दोऱ्याने पक्के शिवलेले. पिना आणि बिल्ले टाळावेत. वेगाच्या खेळात ते निसटतात आणि कोणाला तरी टोचतात. छोट्या भीमाला नारिंगी अर्धी विजार पुरते. उघड्या अंगाने हिंडण्याचा मान ढोलकपूरपुरताच राहू द्यावा. हॅरी पॉटरच्या चाहत्यांनी तो लोकरी मफलर घरी ठेवून गडद लाल शर्टाच्या बाहीला सोनेरी-पिवळी काठ लावावी. फास्टर फेणेचे तर काम सोपे. भा. रा. भागवतांच्या त्या पोराला वेश लागतच नाही, जिभेने ‘टॉक’ केले की झाला.

या शिवणकामात आपल्या भागाला काय कमी आहे? घरोघरी ट्रंकेत फाटक्या इरकलीचे काठ पडलेले असतात. गुळेदगुड्डच्या खणाचे तुकडे शिंप्याकडे उरतात. आणि धारवाडची कसुती आहे. कसुतीचे चार टाके: गवंती, मुर्गी, नेगी, मेंथी. यातला मुर्गी म्हणजे पायरी-पायरीने जाणारा नागमोडी टाका. हॅरी पॉटरच्या कपाळावरची ती वीज काढायची तर याहून नेमका टाका सापडणार नाही. गाठ न मारता, उलट-सुलट दोन्ही बाजूंनी सारखे दिसावे असे हे भरतकाम. ज्या आजीने ते तुळशीवृंदावन आणि गोपुरे काढण्यासाठी शिकले, तिला नातवाने वीज काढायला सांगावी. ती आधी विचारील की हा पॉटर कोण, आणि मग संध्याकाळभर त्याला ती गोष्ट आजीला सांगावी लागेल. मला तर कपड्यापेक्षा या संध्याकाळीचेच आकर्षण अधिक वाटते.

खरा प्रश्न पैशाचा आहे, आणि तो पालकसभेत कोणी उघडपणे काढत नाही. वेश भाड्याने आणायचा म्हणजे भाडे, वर अनामत. माझ्या माहितीतल्या एका कुटुंबाने मुलासाठी वेश आणला, खेळताना त्याची झूल फाटली, आणि दुकानदाराने सगळी अनामत ठेवून घेतली. सहलीच्या वर्गणीएवढाच तो खर्च झाला. धाकट्या बहिणीची पाळी आली तेव्हा घरात सांगण्यात आले की तिला बस लागते, ती येणार नाही. बस तिला कधी लागत नाही. अशा गोष्टी शाळेपर्यंत पोहोचत नाहीत, कारण मुले त्या सांगत नाहीत. वर्गशिक्षकांना हजेरीपत्रकात फक्त ‘येणार नाही’ एवढेच दिसते. गणवेश मुळात कशासाठी आला, तर एका बाकावर बसणाऱ्या दोन मुलांच्या घरची परिस्थिती कपड्यांवरून कळू नये म्हणून. सहलीच्या एका दिवसात आपण ते पुसून टाकणार असू, तर त्यापेक्षा गणवेशच बरा असे मीही म्हणेन. पण खूण ही चिंधीचीही होते, आणि चिंधीची खूण दुकानातल्या वेशापेक्षा अनेकदा अधिक हुशार असते.

शिक्षकांची एक हरकत मात्र अगदी रास्त आहे. गर्दीत पन्नास मुले मोजायची तर एकाच रंगाचे कपडे हवेत. ज्याने कधी दुसऱ्यांची मुले सांभाळून मोजली आहेत तो या मुद्द्यावर वाद घालणार नाही. त्यावर माझी सूचना अशी: जाता-येता बसमध्ये शाळेचा टी-शर्ट असावा, आणि उद्यानात प्रत्येक मुलाच्या मनगटावर एकाच भडक रंगाची रुंद, शिवलेली पट्टी असावी, त्यावर शाळेचा फोन नंबर. गळ्यात ओळखपत्राची दोरी नको, ती खेळांवर काढून ठेवावी लागते आणि मग राहून जाते. मनगटाची पट्टी पाण्यातही राहते. हे पुरेसे नाही असे शिक्षकांना वाटले तर त्यांचाच शब्द शेवटचा मानावा.

आणखी एक मर्यादा मी आवर्जून सुचवीन. आपल्याकडे वेशभूषा म्हटले की निम्मी मुले शिवाजी महाराज आणि निम्म्या मुली कित्तूर चन्नम्मा किंवा झाशीची राणी होतात. गॅदरिंगच्या मंचावर ते ठीकच. पण जिरेटोप घालून कोणी पाण्याच्या घसरगुंडीवरून खाली येतो आहे, हे चित्र डोळ्यांपुढे आणून पाहा. ज्यांच्या पुतळ्याला आपण चौकातून जाताना हात जोडतो त्यांचे सोंग आईस्क्रीमच्या रांगेत नको. आवड दाखवायचीच तर भगव्या रंगाचा साधा सदरा, किंवा चन्नम्मासाठी कुडत्याला इरकली काठ, एवढे पुष्कळ आहे.

या सगळ्याची सुरुवात वंडरलापासूनच करायला हवी असे नाही. शिग्गावजवळ गोटगोडीचे उत्सव रॉक गार्डन हुबळीहून एका दिवसात सहज होते. चित्रकार टी. बी. सोलबक्कनवर यांच्या कल्पनेतून उभे राहिलेले ते उद्यान उत्तर कर्नाटकाच्या खेड्यातल्या जगण्याच्या, माणसाएवढ्या उंचीच्या शिल्पांनी भरलेले आहे. तिथे डॉ. राजकुमार यांच्या चित्रपटांतल्या भूमिकाही शिल्पांत आहेत. म्हणजे चाहतेपणाला तिथे आधीच मानाचे स्थान मिळालेले आहे. वेगाचे झोके नाहीत, त्यामुळे कपड्यांचे भय कमी. इरकलीचा परकर, खणाची चोळी, डोक्याला रुमाल असे काही घालून मुले गेली, तर शिल्पांतली माणसे कोणती आणि आपल्या वर्गातली कोणती हे ओळखायला शिक्षकांना थोडा वेळ लागेल. एखादा मुलगा राजकुमारांच्या एखाद्या भूमिकेची खूण लावून आला तर फारच उत्तम. कन्नड सिनेमाचा चाहता मराठी शाळेत असणे हे हुबळीत नवे नाही, आमच्या पिढीतही अर्धा वर्ग तसाच होता.

विश्वस्त मंडळींना एवढीच विनंती की यंदा सहलीचे पत्रक काढताना कपड्यांविषयी चार ओळी स्पष्ट लिहाव्यात: भाड्याचे वेश आणू नयेत, लोंबते काही नको, पाण्यासाठी वेगळा पोशाख लागेल, आणि आवडत्या पात्राची घरी केलेली एक खूण चालेल. शिवाय हे पत्रक आदल्या आठवड्यात न निघता महिनाभर आधी निघावे. आज्यांना कसुतीला तेवढा वेळ लागतोच.