द्राक्ष कुठलं?

गेल्या वीकेंडला मी एक धाडस केलं, बॉस! शिरूरहून न्हावऱ्यामार्गे चौफुल्याला, दौंड तालुक्यातल्या काकांकडे गेलो आणि सॅकमध्ये चक्क रेड वाइन. चुलतभावाचं प्रमोशन झालं होतं ना! पण काका माळकरी. आणि सॅक उघडली नेमकी त्यांनीच.

"काय रे हे?"

"इटालियन वाइन आहे, काका." जणू इटालियन म्हटलं की गुन्हा माफ!

काका चिडले नाहीत. तीस वर्षं द्राक्षबाग केलेला माणूस. बाटली फिरवत म्हणाले, "द्राक्ष कुठलं?"

बोला आता! बाटली होती 'फ्रातेली'ची 'सेत्ते'. नाव इटालियन, सांजोवेसे ही द्राक्षाची जात टस्कनीची, वाइन घडवणारे पिएरो मासीही तिकडचेच. सोबत काबर्ने सोव्हिन्योन, ती फ्रेंच. पण द्राक्षं? पक्की आपल्या अकलूजच्या परिसरातली!

काकांचा प्रश्न मात्र शंभर नंबरी. इटलीतही आधी हेच विचारतात. किआन्ती भागाची हद्द टस्कनीच्या ग्रँड ड्यूकनं १७१६ मध्येच आखून दिली. आज 'किआन्ती क्लासिको' नाव लावायचं तर द्राक्षं ठरलेल्या हद्दीतलीच हवीत आणि त्यात किमान ८० टक्के सांजोवेसे. नाहीतर ते नाव विसरा!

शिवाय जात तीच असली तरी माती-हवा बदलते. टस्कनीत वेल थंडीत झोपते, काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरला. आपल्याकडे तिला झोपच नाही. एप्रिल आणि ऑक्टोबर, दोन छाटण्या. काढणी जानेवारी ते मार्च. हे मात्र काकांनीच मला समजावलं.

रात्री बाटली उघडली. काकांनी लांबूनच ग्लास हुंगला. "लाकूड येतंय वासाला."

करेक्ट! ही वाइन ओकच्या पिंपात मुरते. लाकडातून अगदी किंचित हवा आत जाते, तुरटपणा मवाळ होतो आणि व्हॅनिला-लवंगेसारखा वास उतरतो.

"मग इटलीची कशाला म्हणतोस? अकलूजची म्हण की," काका म्हणाले. मग जरा थांबून, "माझा माल तीस वर्षं व्यापाऱ्याच्या नावानं गेला. पेटीवर गावाचं नाव कधी आलंच नाही."

आम्ही दोघं भाऊ गप्प.

तेव्हा दोस्तांनो, पुढच्या पार्टीत 'इटालियन' म्हणून भाव खाण्याआधी बाटली फिरवा, मागचं लेबल वाचा. आणि गावाचं नाव मोठ्यानं घ्या.