‘चालतंय ना?’ एवढ्यावर भागेल काय?

— एक विद्यार्थी, बी. कॉम. तृतीय वर्ष

गेल्या वर्षी आजीच्या वृद्धाप्य वेतनाच्या कामासाठी तिच्याबरोबर सरकारी कचेरीत गेलो होतो. टेबलामागच्या गृहस्थांनी कन्नडमधला अर्ज पुढे सरकवला, शाईची डबी उघडली आणि जागेवर बोट ठेवून म्हणाले, “इल्ली हेब्बेट्टु ओत्ती.” मागे रांग मोठी होती. आजीने हात पुढे केला नाही. माझ्याकडे वळून म्हणाली, “काय लिवलंय रं ह्यात? आधी वाचून सांग. वाचल्याबिगर मी अंगठा उठवायची न्हाई.”

मी उभ्या उभ्या सगळा अर्ज मराठीत सांगितला. नाव, वय, गाव, बँकेचा खातेक्रमांक. मगच तिने अंगठा उठवला. रांगेतली माणसे कुरकुरली. मलाही थोडी लाज वाटली, हे कबूल करतो.

पुढे काही महिन्यांनी मी स्वतः एक अंगठा उठवला, आणि तो न वाचता. त्याचीच ही हकीकत.

आमच्या ओळखीच्या एका पतसंस्थेसाठी मी संगणकाचा एक छोटा प्रोग्राम लिहीत होतो. पिग्मी गोळा करणाऱ्या एजंटांनी दिवसभरात जमवलेल्या रकमा संध्याकाळी संस्थेच्या सर्व्हरवर पाठवायच्या, एवढेच त्याचे काम. पायथॉन मी स्वतःच्या हौसेने शिकलो होतो. घरी संगणक नाही, म्हणून महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत बसून लिहीत असे. पहिल्याच चाचणीला पडद्यावर लाल अक्षरांत इंग्रजी ओळ उमटली: ‘सर्टिफिकेट व्हेरिफाय फेल्ड, सेल्फ साइन्ड सर्टिफिकेट इन सर्टिफिकेट चेन’. शेजारी बसलेल्या मित्राने एका क्षणात इलाज सांगितला. “व्हेरिफायपुढे फॉल्स लिही.” लिहिले. आता चूक गेली, पण प्रत्येक वेळी एक इशारा येऊ लागला. मित्राने तो इशारा बंद करण्याचीही ओळ दिली. “चालतंय ना आता? मग झालं तर!” आम्ही दोघे चहाला गेलो.

दिवाळीच्या सुटीत तोच प्रोग्राम पतसंस्थेत बसवला. सगळ्यांनी कौतुक केले. सुटी संपल्यावर अंकेक्षणाच्या तासाला सर प्रमाणके तपासण्याविषयी शिकवत होते. “रक्कम जुळली म्हणजे प्रमाणक खरे ठरत नाही,” ते म्हणाले, “त्याखाली सही कोणाची आहे ते पाहा.” माझ्या पोटात गोळा आला. माझ्या प्रोग्रामने सही पाहणेच बंद केले होते!

मित्रहो, हा दाखला म्हणजे काय, ते आधी समजून घेऊ. आपला संगणक दूरच्या सर्व्हरशी बोलू लागतो तेव्हा तो सर्व्हर आपली ओळख पटवणारा एक दाखला पुढे करतो. त्या दाखल्यावर एखाद्या प्रमाणन संस्थेची सही असते. त्या संस्थेच्या दाखल्यावर तिच्या वरच्या संस्थेची. अशी साखळी चढत चढत मूळ दाखल्यापर्यंत जाते. कोणत्या मूळ दाखल्यांवर विश्वास ठेवायचा, याची यादी आपल्या यंत्रात आधीच असते. साखळी त्या यादीपर्यंत पोहोचली, तारीख चालू असली आणि नाव जुळले, तरच संभाषण पुढे सरकते. पडताळणी बंद केली तरी मजकूर कुलूपबंदच जातो, म्हणून काही बिघडले असे वाटत नाही. परंतु किल्ली कोणाच्या हाती दिली, हे आपण पाहायचे सोडून देतो. मग कुलपाचा उपयोग काय?

आता प्रॉक्सी. प्रयोगशाळेतली सर्व ये-जा एका मधल्या यंत्रातून होते. नको ती संकेतस्थळे अडवावीत, विषाणू पकडावेत, हा त्याचा हेतू. पण बंद लिफाफ्यात काय आहे हे त्याला कसे कळणार? म्हणून अशी काही यंत्रे लिफाफा उघडतात, आतले पाहतात आणि नव्या लिफाफ्यात घालून स्वतःची मोहोर मारून पुढे देतात. आमच्या प्रयोगशाळेत हेच चालले होते. पडद्यावरची ती लाल ओळ खोटी नव्हती. ‘मोहोर तुझ्या यादीतली नाही, मधे कोणीतरी आहे,’ असे ती मला सांगत होती, आणि ते अक्षरशः खरे होते.

मग ब्राउझर विनातक्रार कसा चालतो? हा प्रश्न मलाही पडला होता. उत्तर सोपे आहे. प्रयोगशाळेच्या यंत्रांवर त्या प्रॉक्सीचा मूळ दाखला आधीच बसवलेला आहे आणि ब्राउझर ती यादी मानतो. पण प्रोग्राम लिहिण्याची कित्येक साधने आपापली वेगळी यादी बाळगतात. पायथॉनच्या रिक्वेस्ट्सची वेगळी, नोडची वेगळी, जावाची वेगळी. पिपने मात्र २०२४ सालच्या २४.२ या आवृत्तीपासून नव्या पायथॉनवर यंत्राचीच यादी पाहायला सुरुवात केली आहे. एकाच टेबलावर एक साधन चालते आणि दुसरे अडते, त्याचे गुपित हे.

तेव्हा चूक आली की प्रथम ती कोणत्या जातीची आहे ते ओळखावे. क्रमांक ४०७ आला तर दाखल्याचा संबंध नाही. प्रॉक्सी आपले नाव व परवलीचा शब्द मागत आहे. परवलीच्या शब्दात ॲट हे चिन्ह असेल तर पत्ता मधेच तुटतो. त्या जागी टक्केचिन्ह व ४० लिहावे लागते. ‘राँग व्हर्जन नंबर’ असे आले तर प्रॉक्सीच्या पत्त्याची सुरुवात पाहावी. एचटीटीपीएसच्या रकान्यातसुद्धा प्रॉक्सीचा स्वतःचा पत्ता बहुधा साध्या एचटीटीपीनेच सुरू होतो. वसतिगृहात किंवा घरी गेल्यावर काहीच जोडले जात नसेल, तर प्रयोगशाळेच्या प्रॉक्सीचा पत्ता यंत्रात तसाच राहिलेला असतो. दाखल्याची मुदत संपली किंवा अजून सुरूच झाली नाही असे आले, तर आधी घड्याळ पाहावे! जुन्या यंत्रातली छोटी बॅटरी संपली की तारीख कित्येक वर्षे मागे जाते आणि सगळे दाखले एकदम खोटे ठरतात. क्वचित उलटेही घडते. ३० सप्टेंबर २०२१ रोजी एका जुन्या मूळ दाखल्याची मुदत संपली आणि यादी न बदललेल्या अनेक जुन्या यंत्रांवर चांगली संकेतस्थळेही अडली. त्यावर उपाय यादी नवी करणे हा. तपासणी बंद करणे नव्हे.

आणि सहीच ओळखीची नसेल तर? तर दाखला उघडून ‘देणारा कोण’ हा रकाना वाचावा. तिथे महाविद्यालयाच्या प्रॉक्सीचे नाव असेल तर प्रयोगशाळाप्रमुखांकडून तिचा मूळ दाखला मागून घ्यावा, त्याचा ठसा, म्हणजे अंक-अक्षरांची ती लांब ओळ, त्यांच्याकडच्या ओळीशी ताडून पाहावा आणि मगच तो आपल्या साधनाच्या यादीत जोडावा. नोडला ‘नोड एक्स्ट्रा सीए सर्ट्स’ या नावाने तो देता येतो. मूळची यादी कायम राहते. पायथॉनच्या ‘रिक्वेस्ट्स सीए बंडल’ने मात्र जुन्या यादीची जागाच घेतली जाते, म्हणून त्या फाइलीत जुने दाखलेही ठेवावे लागतात. गिटला आणि एनपीएमलाही अशी फाइल दाखवण्याची सोय आहे. देणारा प्रसिद्ध संस्था असेल आणि तरीही साखळी अपुरी असेल, तर बहुधा समोरच्या सर्व्हरने मधला दाखला पाठवलेला नसतो, त्यांना कळवावे. आणि नावच जुळत नसेल किंवा देणारा कोण हे प्रयोगशाळेतही कोणाला ठाऊक नसेल, तर तिथेच थांबावे. हे सगळे करायला मला एक दुपार लागली. फॉल्स लिहायला दहा सेकंद लागले होते.

यावर मित्र म्हणतात, “परीक्षेचा प्रकल्प तर आहे! एवढे मनावर काय घ्यायचे? मधे बसून आमचे पाहणार तरी कोण?” प्रश्न वाजवी आहे. प्रयोगशाळेतली ओळ प्रयोगशाळेतच राहिली असती तर मीही एवढे ताणले नसते. पण ती राहत नाही. माझी ओळ माझ्याबरोबर बसमधून पतसंस्थेत गेली. गंमत म्हणजे तिथे प्रॉक्सी नव्हतीच. त्या ओळीवाचून प्रोग्राम सुरळीत चालला असता. पुष्कळ एजंट मोबाइलवरून, कधी स्टँडवरच्या चहाच्या दुकानातल्या फुकट वायफायवरून रकमा पाठवत. त्या वाटेवर कोणी ‘मीच पतसंस्था’ म्हणून उभा राहिला असता, तर माझ्या प्रोग्रामने रोजंदारीवर जगणाऱ्या माणसांचे खातेक्रमांक आणि संस्थेचा परवलीचा शब्द नमस्कार करून त्याच्या हवाली केला असता. तसे झाले का? माहीत नाही. झाले असते तरी कळले नसते, कारण कळवणारी घंटा मीच काढून ठेवली होती.

ही केवळ माझ्यासारख्या नवशिक्याची चूक असेही नाही. २०१२ साली टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन शाखेतील व स्टॅनफर्ड येथील संशोधकांनी ब्राउझरखेरीज इतर सॉफ्टवेअर तपासले, तेव्हा पैशाचे व्यवहार करणाऱ्या नामांकित साधनांतही दाखल्याची पडताळणी मोडकी निघाली. आणि मोहोर मारणाराच फसला तर काय होते, हे नेदरलँड्समधल्या डिजिनोटार या संस्थेने २०११ साली दाखवले. तिच्या यंत्रणेत चोर शिरले, पाचशेच्या वर बनावट दाखले निघाले, गूगलच्या नावाचा खोटा दाखला इराणमधल्या लोकांवर वापरला गेला आणि त्याच वर्षी संस्थेचे दिवाळे निघाले. आपल्याला हे परके वाटायचे कारण नाही. बनावट मुद्रांकांच्या प्रकरणातला तेलगी आपल्याच जिल्ह्यातल्या खानापूरचा. २००१ साली त्याला अटक होईपर्यंत त्याचे कागद बँका व कंपन्या बिनधास्त घेत होत्या. कागद खऱ्यासारखा दिसत होता, काम चालत होते. ‘चालतंय ना?’ या प्रश्नाला तेव्हाही उत्तर ‘होय’ असेच होते.

माझ्या मते या रोगाचे मूळ आळसात कमी आणि भाषेत जास्त आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला मुलगा असो वा कन्नड माध्यमातला, इंग्रजी लाल ओळ दिसली की ती वाचण्यापूर्वीच आम्ही घाबरतो. ती ओळ काही विचारते आहे असे वाटतच नाही, ती ओरडते आहे असे वाटते. ओरडणाऱ्याला गप्प करणारा कोणताही उतारा मग आम्ही डोळे मिटून घेतो. ‘तुमच्या यादीत या दाखला देणाऱ्याचे नाव नाही’ असे कोणी मराठीत म्हटले असते, तर मी पहिला प्रश्न विचारला असता: मग हा दाखला दिला कोणी? कचेरीत आजीचा दुभाषा होताना मला जे सुचले, ते स्वतःसाठी सुचले नाही.

म्हणून माझी सूचना दोन ओळींची आहे. प्रयोगशाळेच्या दारावर मराठीत आणि कन्नडमध्ये एक कागद लावावा. त्यावर येथे प्रॉक्सी आहे आणि ती लिफाफे उघडते हे स्पष्ट लिहावे. तिच्या मूळ दाखल्याचा ठसा छापावा आणि नेहमीच्या पाच-सहा चुकांचे अर्थ द्यावेत. मधे कोणी उभे आहे हे सांगण्यात संस्थेला कमीपणा नाही. न सांगण्यात मात्र विद्यार्थ्याला वाईट सवय लावण्याचा दोष आहे. मजकूर दोन्ही भाषांत लिहून देण्याचे काम मी आनंदाने करीन.

पतसंस्थेत जाऊन मी सगळे खरे सांगितले. सेक्रेटरीकाका रागावले नाहीत, परवलीचा शब्द बदलला, मी ती ओळ काढली, आणि त्यांनी एवढेच विचारले, “लिहिलं तेव्हा ठाऊक नव्हतं होय रे?” ठाऊक नव्हते, हे खरे. पण मी वाचलेही नव्हते. घरी आल्यावर आजीला हे सारे सांगितले. तिला प्रॉक्सी काही समजली नाही. तिने एवढेच विचारले, “मग सही बघून घ्यायला तुला कुणी अडवलं व्हतं?”