शब्द जुळले, जबाबदारी कोठे गेली?

शासनाच्या संगणकीकरणाविषयी आपण लिहितो तेव्हा बहुधा यंत्रे, सॉफ्टवेअर आणि निधी यांविषयी लिहितो. त्याआधीचा एक टप्पा मात्र दुर्लक्षित राहतो. तो म्हणजे आराखड्याचा. एखाद्या विभागात कोणती कामे चालतात, ती कोण करते, कोणत्या नोंदींच्या आधारे करते आणि त्यासाठी कोणती प्रणाली वापरते, याचे एकत्रित चित्र म्हणजे त्या विभागाचे एंटरप्राइज आर्किटेक्चर. केंद्र सरकारने २०१८ मध्ये ‘इंडिया एंटरप्राइज आर्किटेक्चर’ नावाची चौकट प्रसिद्ध केली. तीत कामगिरी, कामकाज, माहिती, सुरक्षा अशा अंगांची आठ संदर्भ-प्रारूपे आहेत. शासनाचे सर्व विभाग एकमेकांना समजतील अशा रीतीने उभे राहावेत, हा तिचा हेतू.

परंतु हे चित्र काढण्याची भाषा एक नाही. सॉफ्टवेअर रचणारे यूएमएल वापरतात. ही भाषा १९९७ मध्ये प्रमाणित झाली. कामाचा क्रम दाखविणारे बीपीएमएन वापरतात. ती २००४ मध्ये पुढे आली. संपूर्ण संस्थेचा आराखडा काढणारे आर्किमेटकडे वळतात. आर्किमेटचा जन्म २००२ ते २००४ या काळात नेदरलँड्समधील एका संशोधन-प्रकल्पात झाला. त्या प्रकल्पात एका मोठ्या बँकेबरोबर तेथील कर-प्रशासनही सहभागी होते, ही गोष्ट आपण प्रशासकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. एका विभागाचा आराखडा एका भाषेत आणि दुसऱ्याचा दुसऱ्या भाषेत असला, की दोन्ही जोडताना संकल्पनांची जुळणी करावी लागते. डाव्या रकान्यात एका भाषेतील संज्ञा, उजव्या रकान्यात दुसऱ्या भाषेतील. हे काम कारकुनी स्वरूपाचे समजून बहुतेक वेळा कंत्राटदाराच्या कनिष्ठ तंत्रज्ञावर सोपविले जाते. माझे म्हणणे असे की, ही जुळणी हा प्रशासकीय निर्णय आहे आणि तो प्रशासकानेच घ्यावयास हवा.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाला यातील धोका वेगळा समजावून सांगावा लागू नये. हिंदीतील ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण. मराठीत तोच शब्द दंडाचा. अक्षरे तीच, लिपी तीच, पण अर्थ भलताच. उत्तर प्रदेशात नोकरी करणाऱ्याला कोणी विचारले की, तुमच्या सातबाऱ्याला तिकडे काय म्हणतात, तर तो पटकन ‘खतौनी’ असे सांगेल. ते अर्धेच खरे आहे. सातबाऱ्यात गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा एकत्र आहेत, म्हणजे हक्कही आणि पिकेही. खतौनीत खातेदार सापडतो. पिकांसाठी खसरा पाहावा लागतो. ‘सातबारा म्हणजे खतौनी’ एवढे लिहून कोणी दोन राज्यांची माहिती जोडली, तर पिकांचा अर्धा भाग गळेल, आणि तो गळला हे तक्त्यात कोठेही दिसणार नाही.

आराखड्याच्या भाषांतही असेच घडते. आर्किमेटमध्ये ‘ॲक्टर’ म्हणजे प्रत्यक्ष काम करू शकणारी व्यक्ती किंवा संस्था, आणि ‘रोल’ म्हणजे तिच्याकडे सोपविलेली जबाबदारी. आपल्या परिभाषेत सांगायचे तर पदधारक आणि पद. यूएमएलमध्येही ‘ॲक्टर’ आहे. पण तेथे त्याचा अर्थ प्रणालीच्या बाहेरून तिच्याशी व्यवहार करणाऱ्याची भूमिका असा होतो. म्हणजे यूएमएलचा ॲक्टर आर्किमेटच्या ॲक्टरपेक्षा रोलला अधिक जवळचा आहे. नावावरून जुळणी करणारा येथे हमखास चुकतो. बीपीएमएनमध्ये कामे ‘लेन’मध्ये, म्हणजे समांतर पट्ट्यांत मांडतात. त्या पट्टीचा अर्थ पद, शाखा की संगणक-प्रणाली, हे त्या भाषेच्या प्रमाण-ग्रंथाने ठरवून दिलेले नाही. ते आरेखकावर सोडले आहे.

उत्पन्नाच्या दाखल्याचे साधे उदाहरण घेऊ. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ हा कायदा अधिसूचित सेवेसाठी पदनिर्देशित अधिकारी, कालमर्यादा आणि दोन अपील प्राधिकारी मागतो. पुरेशा कारणाशिवाय कसूर झाल्यास ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. मध्य प्रदेशाने असा कायदा २०१० मध्येच केला होता, आणि नंतर अनेक राज्यांनी तो मार्ग धरला. या सर्व कायद्यांचा गाभा एकच आहे: सेवा नागरिकाची, आणि ती न मिळाल्यास उत्तर देणारा एक निश्चित अधिकारी.

आर्किमेटमध्ये हे बऱ्यापैकी मांडता येते. दाखला देणे ही ‘सेवा’, तिच्या मागची कार्यालयीन कार्यवाही ही ‘प्रक्रिया’, कालमर्यादेसाठी ‘करार’, आणि पदनिर्देशित अधिकारी हा ‘रोल’. एका अधिकाऱ्याकडे दोन पदांचा कार्यभार असेल, तर एकच ॲक्टर दोन रोलना जोडता येतो. हाच आराखडा बीपीएमएनमध्ये नेला की तहसील कार्यालयाचा एक चौकोन होतो आणि त्यात लिपिक, नायब तहसीलदार, तहसीलदार अशा पट्ट्या येतात. कागद कसा फिरतो हे उत्तम दिसते. पण या अर्थाच्या सेवेसाठी तेथे स्वतंत्र चिन्ह नाही. पदनिर्देशित अधिकारी इतर पट्ट्यांसारखीच एक पट्टी होऊन बसतो. काम कोण करतो हे कळते. उत्तरदायी कोण, हे कळत नाही.

यूएमएलमध्ये नेल्यास आणखी एक गोष्ट घडते. अर्ज नागरिकाने स्वतः न भरता सेवा केंद्राच्या चालकाने भरला, तर प्रणालीशी व्यवहार करणारा तो चालक. म्हणून ॲक्टर तो. जिच्यासाठी हा खटाटोप, ती ग्रामीण भागातील विधवा किंवा विद्यार्थी चित्रातून नाहीसे होतात. नंतर त्या चित्रावरून प्रणाली बांधली जाते. अर्जाच्या स्थितीचा संदेश केंद्रचालकाच्या भ्रमणध्वनीवर जातो, विलंबाची मोजणी अर्ज केंद्रात दिल्यापासून नव्हे तर लिपिकाच्या संगणकावर दिसल्यापासून सुरू होते, आणि अपिलाचा मार्ग कोणालाच सापडत नाही. येथे यूएमएलचा दोष नाही. ती भाषा सॉफ्टवेअरच्या सीमेवर काय घडते ते सांगण्यासाठी आहे आणि ते काम ती चोख करते. दोष आहे तो तीन रकाने समान आहेत असे मानून खाली सही करणाऱ्याचा.

यावर दोन आक्षेप मी नेहमी ऐकतो. पहिला असा की, सरकारने एकच भाषा सक्तीची करावी. हा उपाय सोपा दिसतो, पण टिकणारा नाही. आर्किमेटच्या रचनाकारांनीच तपशिलासाठी यूएमएल आणि बीपीएमएनची साथ गृहीत धरली आहे. शिवाय राज्ये वेगवेगळी, विभाग वेगवेगळे, आणि जुन्या प्रणालींचे आराखडे जुन्याच भाषांत पडून आहेत. दुसरा आक्षेप असा की, आता उपकरणे रूपांतर आपोआप करतात, आणि कृत्रिम बुद्धिमत्ता तर तक्ता क्षणात तयार करून देते. देते, हे खरे. परंतु कोणती गोष्ट गळली तर चालेल आणि कोणती गळता कामा नये, हे कायद्यावरून आणि लोकहितावरून ठरते, आकृतीवरून नव्हे.

या बाबतीत आपल्याकडे एक जुना दाखला आहे. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून रघुनाथपंडितांनी राज्यव्यवहारकोश रचला, तेव्हा फारसी प्रशासकीय शब्दांना संस्कृत पर्याय देण्यात आले. ते शब्द विषयवार वर्गांत मांडले आहेत: दुर्गवर्ग, लेखनवर्ग, जनपदवर्ग आणि असेच इतर. म्हणजे आधी कारभाराचे क्षेत्र, मग शब्द. मुजुमदाराचा अमात्य आणि सुरनीसाचा सचिव झाला, पण केवळ नावे बदलून काम भागले नाही. कोणत्या प्रधानाने काय करावे हे कानुजाब्त्यात स्वतंत्रपणे सांगितले गेले. आपल्या तक्त्यांत नेमका हाच दुसरा कागद नसतो.

म्हणून माझ्या सूचना पुढीलप्रमाणे आहेत.

१. भाषांची एकमेकींशी थेट जुळणी करू नये. पाच भाषा असतील तर अशा दहा जोड्या होतात. त्याऐवजी विभागाने स्वतःची परिभाषा कायद्याच्या आधारे आधी लिहावी आणि प्रत्येक भाषा तिच्याशी जोडावी. मग पाच तक्ते पुरतात.

२. प्रत्येक तक्त्यात ‘काय गळते’ असा एक रकाना सक्तीचा असावा. तो रिकामा असल्यास तक्ता परत पाठवावा.

३. जुळणी दोन्ही दिशांनी तपासावी. आर्किमेटमधून बीपीएमएनमध्ये नेलेला आराखडा परत आणल्यावर पदनिर्देशित अधिकारी सापडला नाही, तर ती जुळणी अपुरी समजावी.

४. तक्त्यावर कंत्राटदाराबरोबरच विभागाच्या जबाबदार अधिकाऱ्याची सही असावी, आणि निविदेच्या अटींत ही बाब स्पष्ट लिहावी.

यांतील एकाही सूचनेसाठी वेगळा निधी लागत नाही. लागतो तो थोडा वेळ, आणि तांत्रिक कागद वाचण्याची तयारी. आराखड्याचा कागद तांत्रिक आहे, तो तज्ज्ञांनी पाहावा, असे म्हणून आपल्यापैकी पुष्कळ अधिकारी तो न वाचताच पुढे पाठवितात. त्यात आपले पद, आपली सेवा आणि आपला नागरिक यांची व्याख्या झालेली असते, हे त्यांच्या ध्यानात येत नाही.

माझ्या वाचकांपैकी अनेकजण बंगळुरू, हैदराबाद, दिल्ली किंवा परदेशात याच क्षेत्रात काम करतात. कित्येकांच्या हातून असे तक्ते रोज तयार होत असतील. त्यांना माझी एकच विनंती आहे. एखाद्या सरकारी प्रकल्पाचा तक्ता समोर आला, तर दोन संज्ञांमध्ये बरोबरीचे चिन्ह लिहिण्यापूर्वी त्या विभागाच्या अधिकाऱ्याला बोलावून विचारा की, दाखला वेळेत न मिळाल्यास या चित्रातील कोणी उत्तर द्यायचे? त्याला बोट ठेवता आले नाही, तर जुळणी तेथेच थांबवा.